निवृत्तीचा पैसा आणि शेअर बाजार: कधी हलवायचा, कधी हात लावायचा नाही

सेन्सेक्स दोन हजार अंकांनी आपटला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या फास्ट लोकलमध्ये एकच विषय असतो. "एनपीएसमधलं इक्विटी काढून टाकू का?" आणि बाजार महिनाभर चढत राहिला की तीच माणसं त्याच डब्यात विचारतात, "पीएफ काढून म्युच्युअल फंडात टाकला तर?" एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, आणि इक्विटी म्हणजे शेअर बाजारात गुंतवलेला पैसा. दोन्ही प्रश्नांमागची इच्छा एकच असते. पडायच्या आधी बाहेर पडायचं आणि चढायच्या आधी आत शिरायचं.

माझं म्हणणं सरळ आहे. बाजाराची तारीख कोणालाच माहीत नाही, पण तुमच्या निवृत्तीची तारीख तुमच्या सर्व्हिस रेकॉर्डवर छापलेली आहे. पैसा त्या तारखेच्या हिशेबाने हलवायचा. तो कसा हलवायचा हे खाली क्रमाने लिहिलं आहे. पंचेचाळीस ते साठ या वयातला, मुंबईत नोकरी करणारा वाचक डोळ्यांपुढे आहे, पण चाळिशीतल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी सगळं एका कागदावर आणा

बहुतेक घरांत पीएफ एका ॲपमध्ये, पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) पोस्टाच्या किंवा बँकेच्या पासबुकात, एनपीएस कुठल्याशा पोर्टलवर आणि म्युच्युअल फंड मुलाच्या मोबाइलमध्ये असतात. त्यामुळे भीती वाटते ती नेमकी किती रकमेची, हेच कळत नाही. कागद घ्या आणि नवरा-बायको दोघांचं मिळून लिहा. एक नमुना देतो:

पीएफ ३८ लाख. पीपीएफ १४ लाख. एनपीएस १२ लाख, त्यातलं निम्मं इक्विटीत. इक्विटी म्युच्युअल फंड १६ लाख. एकूण ८० लाख.

यात शेअर बाजारात किती? एनपीएसमधले ६ आणि फंडातले १६, म्हणजे २२ लाख. एकूण रकमेच्या साडेसत्तावीस टक्के. बाजार उद्या तीस टक्के पडला तर घराच्या ८० लाखांतून ६ लाख ६० हजार कमी होतील, म्हणजे सव्वाआठ टक्के. वाईटच, पण ॲपमध्ये फक्त फंडाचा लाल आकडा बघून छातीत जी धडधड होते, तितकं वाईट नाही.

राहतं घर या कागदावर लिहू नका. लालबागची खोली असो की बोरिवलीचा टू बीएचके, किंमत कोटीत असते, पण राहत्या घराचं स्वयंपाकघर विकून महिन्याचं वाणसामान येत नाही. पुनर्विकासात मिळणारा कॉर्पस फंडही हातात पडल्यावरच लिहायचा. बिल्डरने सांगितलेल्या तारखेवर नाही.

कुठल्या खात्यात तुमच्या हातात काय आहे

पीएफमध्ये बाजाराची वेळ साधण्याची सोयच नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना ऑगस्ट २०१५ पासून नव्या पैशाचा काही भाग ईटीएफमध्ये, म्हणजे बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या शेअरच्या फंडांत, घालते. सुरुवात ५ टक्क्यांनी झाली, २०१७ पासून तो १५ टक्के आहे. पण तुम्हाला मिळतं ते जाहीर झालेलं व्याज; २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ते ८.२५ टक्के होतं. म्हणून आपल्या कागदावर पीएफ हा पूर्णपणे स्थिर पैसा धरायचा. तो काढून फंडात टाकायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. इतकं व्याज देणारं आणि रोज भाव न दाखवणारं खातं परत मिळत नाही.

पीपीएफमध्ये मात्र वेळ साधण्याची एक खात्रीची जागा आहे, आणि गंमत म्हणजे तिकडे फार जण लक्षच देत नाहीत. व्याज धरलं जातं ते महिन्याच्या ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वात कमी शिल्लक असेल तिच्यावर. दीड लाख ५ एप्रिलपर्यंत भरले तर त्या महिन्याचं व्याज मिळतं. ६ तारखेला भरले तर एका महिन्याचे सुमारे ८८७ रुपये गेले. आणि नेहमीप्रमाणे कर वाचवायला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धावत भरले, तर एप्रिल २०२० पासून चालू असलेल्या ७.१ टक्के दराने वर्षाचे १०,६५० रुपये हुकले. बाजाराचे आलेख बघत बसण्यापेक्षा मोबाइलमध्ये १ एप्रिलची आठवण लावून ठेवा.

एनपीएस आणि म्युच्युअल फंड ही दोनच खाती अशी आहेत जिथे तुम्ही स्वतः इक्विटीचं प्रमाण हलवू शकता. म्हणून चुकाही तिथेच होतात.

उडी मारण्याचा हिशेब बसत का नाही

बाजारातून बाहेर पडून परत आत येणं म्हणजे दोन निर्णय. दोन्ही बरोबर यावे लागतात. समजा तुम्ही खरोखर हुशार आहात आणि दहापैकी सात वेळा तुमचा निर्णय बरोबर ठरतो. तरी बाहेर पडणं आणि परत येणं, दोन्ही बरोबर ठरण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ४९ टक्के. नाणेफेकीपेक्षाही जराशी कमीच.

आमच्या मुलुंडच्या भावोजींचं उदाहरण सांगतो. त्यांची परवानगी आहे. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळला आणि २५,९८१ वर बंद झाला. सकाळी दहा टक्के पडल्यावर सर्किट लागून पाऊण तास व्यवहार थांबले होते. देशभर टाळेबंदी लागली. भावोजींचं वय तेव्हा चोपन्न. त्यांनी एनपीएसमधलं सगळं इक्विटी सरकारी रोख्यांत फिरवलं. मी फोनवर विचारलं, "भावोजी, परत कधी आणणार?"

"अरे, अजून एकदा खाली येणार आहे बघ. वीस हजारला लागला की आणतो."

७ एप्रिलला सेन्सेक्स एका दिवसात २,४७६ अंकांनी, जवळजवळ नऊ टक्क्यांनी चढला. रुग्णांचे आकडे तेव्हा वाढतच होते. भावोजी म्हणाले, ही खोटी तेजी. दिवाळीत म्हणाले, आता फार वर गेलाय, लस येऊ दे. जानेवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात लशींना मंजुरी मिळाली तेव्हा सेन्सेक्स ४८,००० च्या आसपास होता. शेवटी ते परत आले २०२१ च्या मध्यावर, ५२,००० च्या पातळीला. बाहेर पडताना त्यांनी जे भोगलं ते नुकसान भरून निघालं असतं; परत न येण्यामुळे ते कायमचं झालं.

यात भावोजींचा मूर्खपणा नाही. बाजाराचे सर्वात मोठे चढते दिवस बहुतेक वेळा सर्वात वाईट दिवसांना चिकटून येतात. १८ मे २००९ आठवा. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर गेलेला सेन्सेक्स ९ मार्च २००९ ला ८,१६० पर्यंत घसरला होता. लोकांचा विश्वास उडालेला. लोकसभेचा निकाल लागला आणि सोमवारी बाजार उघडताच वरचं सर्किट लागलं. दिवसाची वाढ १७ टक्क्यांहून जास्त. खरेदी करायला वेळच मिळाला नाही. जो शुक्रवारी आत होता त्यालाच ते मिळालं.

अगदी अलीकडचं हवं तर जून २०२४ घ्या. ३ जूनला एक्झिट पोलवर सेन्सेक्स ७६,४६९ वर बंद. ४ जूनला निकालाच्या दिवशी ४,३९० अंकांनी घसरून ७२,०७९. शुक्रवारी, ७ जूनला, ७६,६९३. मंगळवारी घाबरून विकणाऱ्याला चूक कळायला तीन दिवस लागले.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण "बाजार शेवटी वरच जातो" हे वाक्य फंड विकणाऱ्यांनी इतकं घासून गुळगुळीत केलंय की त्यातला धोका दिसेनासा झालाय. एप्रिल १९९२ मध्ये, हर्षद मेहताच्या तेजीच्या टोकाला, सेन्सेक्स ४,४०० च्या वर होता. एप्रिल २००३ मध्ये तो ३,००० च्या खाली होता. अकरा वर्षं. मधल्या काळात लाभांश मिळाले, दर महिन्याला थोडं थोडं घालणाऱ्याची सरासरीही खाली आली, हे खरं. पण १९९२ ला सगळी पुंजी टाकून २००३ ला निवृत्त झालेल्या माणसाला हे सांगून त्याचं पोट भरलं नसतं.

म्हणजे रोज उडी मारणं चुकीचं, आणि शेवटच्या दिवसापर्यंत सगळं इक्विटीत ठेवणंही चुकीचं. मधली वाट कॅलेंडरची आहे.

तुमची तारीख काढा, मग दरवर्षी एक घास बाजूला

निवृत्तीनंतर महिन्याला किती लागतील ते लिहा. आजच्या भावाने लिहा. मेंटेनन्स, वीज, किराणा, औषधं, गावी जाणं-येणं, लग्नकार्याचे आहेर, सगळं. समजा ५० हजार. ईपीएसची (पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन आणि इतर नक्की उत्पन्न मिळून १० हजार येणार असतील तर महिन्याची तूट ४० हजार, वर्षाची ४ लाख ८० हजार. पाच वर्षांची २४ लाख.

नियम असा: निवृत्तीच्या दिवशी पाच वर्षांची तूट भागेल इतका पैसा शेअर बाजाराबाहेर असला पाहिजे. २००८ ची पडझड असो की २०२० ची, त्या काळात इक्विटी विकावी लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पडलेल्या बाजारात घरखर्चासाठी विकणं किती महाग पडतं ते बघा. ६० लाख इक्विटीत आहेत, बाजार अर्धा झाला, उरले ३०. त्यातून वर्षाचे ४ लाख काढले, उरले २६. मग बाजार दुप्पट झाला, जिथून पडला तिथेच परत आला. तुमच्याकडे मात्र ६० नाहीत, ५२ आहेत. खर्च केले चार लाख आणि गेले आठ.

आता वरच्या ८० लाखांच्या कागदाकडे परत बघा. पीएफ आणि पीपीएफ मिळून ५२ लाख स्थिर आहेत. पाच वर्षांसाठी लागतात २४. या घराला बाजार पडला म्हणून काहीही हलवायची गरज नाही. उलट साठाव्या वर्षी निवृत्त होऊन नव्वदीपर्यंत जगायचं असेल तर महागाईला पुरून उरण्यासाठी साडेसत्तावीस टक्के इक्विटी मला थोडी कमीच वाटते. महागाई सहा टक्क्यांनी वाढली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. पन्नास हजारांचा महिना बहात्तराव्या वर्षी एक लाखाचा. ते पैसे व्याजातून येणार नाहीत.

ज्यांनी खरंच हलायला हवं ते लोक वेगळे. खासगी कंपनीत बदलत बदलत नोकऱ्या केल्या, प्रत्येक वेळी पीएफ काढला, आणि आता ६० लाख आहेत ते सगळे इक्विटी फंडात. निवृत्तीला पाच वर्षं. यांनी असं करावं:

दरवर्षी गुढीपाडव्याच्या आठवड्यात एका वर्षाची तूट, म्हणजे ४ लाख ८० हजार, इक्विटीतून काढून स्थिर जागी न्यायची. पाच पाडव्यांत २४ लाख बाजूला होतात. पाडवा मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा एप्रिलमध्ये येतो, आर्थिक वर्षाच्या कडेला, म्हणून करातही सोयीचं जातं. दुसरी कुठली तारीख धरलीत तरी चालेल. ती बाजारावरून ठरवायची नाही, एवढंच.

याला मी एकच अपवाद ठेवतो. त्या पाडव्याला सेन्सेक्स आधीच्या शिखरापासून वीस टक्के किंवा त्याहून जास्त खाली असेल, तर त्या वर्षीचा हप्ता थांबवायचा. पण सलग दोन वर्षं थांबायचं नाही. मार्च २००९ च्या पाडव्याला सेन्सेक्स १०,००० च्या आसपास होता. पुढच्या पाडव्याला १७,००० च्या वर. एक वर्ष थांबलेल्याचं भलं झालं. १९९२ नंतर वर्षानुवर्षं थांबलेला मात्र थांबूनच राहिला असता. थोडीफार वेळ साधायचीच असेल तर ती एवढीच, आणि तीही आधी लिहून ठेवलेली.

पट्टा आखून घ्या

पैसा मोठा झाला की बाजार आपोआप तुमचं प्रमाण बिघडवतो. म्हणून दोन गोष्टी ठरवा: इक्विटीचं लक्ष्य आणि त्याच्या दोन्ही बाजूंना किती सैल सोडायचं. माझ्या मते पाच टक्क्यांचा पट्टा पुरतो.

समजा ४० लाखांपैकी निम्मे इक्विटीत ठेवायचे ठरले. २० आणि २०. बाजार तीस टक्के पडला. इक्विटी १४, स्थिर २०, एकूण ३४. इक्विटीचं प्रमाण ४१ टक्क्यांवर आलं, म्हणजे पंचेचाळीसच्या खाली. पट्टा ओलांडला. स्थिर बाजूचे ३ लाख इक्विटीत न्या: १७ आणि १७. आता बाजार फक्त जुन्या पातळीवर परत आला, तर इक्विटी साधारण २४ लाख २९ हजार होते. एकूण ४१ लाख २९ हजार. काहीच न करणाऱ्याचे ४० लाख. मधलं व्याज यात धरलेलं नाही. सव्वा लाख जास्त मिळाले, आणि तुम्ही एकही भाकीत केलं नाही.

उलटही तेवढंच खरं. बाजार चढून इक्विटी पंचावन्नच्या वर गेली की विकायची. हे जास्त जड जातं. सगळे कमावत असताना विकायला हात धजावत नाही, त्यातून कँटीनमधला कुणी "आता लाख होणार" म्हणून सांगत असतो.

प्रमाण वर्षातून दोनदाच बघा, पाडव्याला आणि दसऱ्याला. दसऱ्याला सोनं लुटून घरी आलात की अर्धा तास पुरे. त्यामधल्या काळात फंडाचं ॲप मोबाइलच्या पहिल्या पानावर ठेवू नका. दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यात हौसेने एखादा शेअर घ्या, पण निवृत्तीच्या पैशाचा त्याच्याशी संबंध नाही.

काही जण पट्ट्याऐवजी निफ्टीच्या (एनएसई या शेअर बाजाराच्या निर्देशांकाच्या) पीई गुणोत्तरावर, म्हणजे शेअरचा भाव कंपनीच्या नफ्याच्या किती पट आहे यावर, चालतात: पंचवीसच्या वर विकायचं, पंधराच्या खाली घ्यायचं. त्यांना एक गोष्ट आठवण करून देतो. मार्च २०२१ च्या अखेरीपासून एनएसईने पीई काढताना कंपन्यांचा उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरायला सुरुवात केली. आधी फक्त मूळ कंपनीचा धरत. पीई एका रात्रीत खाली आला, बाजार तिथेच होता. जुना आणि नवा आलेख एका रेषेत जोडून निष्कर्ष काढणारे अजून सापडतात.

एनपीएसमध्ये प्रमाण बदलताना

एनपीएस सर्वांसाठी खुली झाली १ मे २००९ ला. खासगी किंवा स्वतंत्रपणे खातं असलेल्यांना दोन रस्ते आहेत. ऑटो चॉइसमध्ये वयानुसार इक्विटी आपोआप कमी होत जाते. इथे नावावर जाऊ नका. एलसी (लाइफ सायकल) ७५ मध्ये पस्तिसाव्या वर्षापर्यंत ७५ टक्के इक्विटी असते, पण पंचेचाळीसाव्या वर्षी ती ३५ टक्क्यांवर आणि पंचावन्नाव्या वर्षी १५ वर येते. "माझं एलसी पंच्याहत्तर आहे, फार धोका आहे" म्हणणाऱ्या बावन्न वर्षांच्या माणसाचा धोका केव्हाच कमी झालेला असतो. एलसी ५० पंचावन्नाव्या वर्षी १० टक्क्यांवर येतं. ज्यांना हे फार कमी वाटतं त्यांच्यासाठी २०२४ च्या ऑक्टोबरपासून बॅलन्स्ड लाइफ सायकल आहे. त्यात पंचेचाळीसपर्यंत ५० टक्के आणि पंचावन्नाव्या वर्षी ३५ टक्के इक्विटी राहते. ज्यांना कशातही लक्ष घालायचं नाही त्यांना मी हेच सुचवतो.

ॲक्टिव्ह चॉइसमध्ये प्रमाण तुम्ही ठरवता, इक्विटी ७५ टक्क्यांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२५ पासून बिगर-सरकारी सदस्यांना शंभर टक्के इक्विटीच्या योजनाही खुल्या झाल्या आहेत. तिशीतल्या मुलाला त्या घेऊ द्या. पंचावन्नला त्यांच्या वाटेला जाऊ नका.

बदल असा करायचा: प्राण क्रमांक (एनपीएसचा कायमचा खाते क्रमांक) टाकून तुमच्या सीआरएच्या, म्हणजे खात्याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर जा (प्रोटीन, केफिनटेक किंवा कॅम्स, ज्यांच्याकडे तुमचं खातं असेल ते). व्यवहारांच्या यादीत "स्कीम प्रेफरन्स चेंज" असतं. टियर १ (निवृत्तीचं मुख्य खातं) निवडा, टक्केवारी भरा, बेरीज शंभर होते ना ते बघा, ओटीपी टाका, पावती जपून ठेवा. आठवड्याने होल्डिंग स्टेटमेंट उघडून नवी युनिट आली का तपासा. कंपनीमार्फत एनपीएस असेल तर निवड कंपनी करते की तुम्ही, हे आधी एचआरला विचारा. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे पर्याय वेगळे आहेत. त्यांनी हे सगळं करण्याआधी कार्यालयातल्या आस्थापना शाखेत चौकशी करावी.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, आर्थिक वर्षात प्रमाण चारदाच बदलता येतं. ही मर्यादा अडचण नाही, उपकार आहे. दुसरी, नवं प्रमाण टाकलं की फक्त पुढचे हप्ते नाही, जुना साठाही त्या प्रमाणात फिरतो. तिसरी, आणि हीच उडी मारणाऱ्यांना माहीत नसते: जुनी युनिट विकून नवी घ्यायला काही कामकाजाचे दिवस जातात. दुपारी अडीच वाजता टीव्हीवर दिसलेला सेन्सेक्स तुम्हाला मिळणारच नसतो.

एनपीएसच्या आत फिरवाफिरव केली तर कर लागत नाही. म्हणून प्रमाण जागेवर आणायचं काम शक्यतो आधी एनपीएसमध्ये करा.

म्युच्युअल फंडात हलवताना कर बघा

इथे प्रत्येक उडीला सरकार पाव्हणा म्हणून येतं. २३ जुलै २०२४ पासून इक्विटी फंड वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर विकला तर १२.५ टक्के. वर्षानंतरच्या नफ्यात आर्थिक वर्षाला सव्वा लाखांपर्यंत सूट. बऱ्याच फंडांत वर्षाच्या आत काढल्यास एक टक्का एक्झिट लोड (लवकर बाहेर पडण्याचं शुल्क) वेगळा. १६ लाखांच्या फंडात ७ लाख नफा असेल आणि घाबरून सगळा विकलात, तर ७ वजा सव्वा, म्हणजे पावणेसहा लाखांवर १२.५ टक्के: सुमारे ७२ हजार रुपये, सेस वेगळा. बाजार त्यापेक्षा जास्त पडला तरच तुम्ही सुटलात.

त्यापेक्षा सोपं म्हणजे नवा पैसा वळवणं. इक्विटी जास्त झाली तर एसआयपी (फंडातला दरमहाचा ठरलेला हप्ता) काही महिने रोख्यांत पैसा ठेवणाऱ्या डेट फंडाकडे वळवा, कमी झाली तर वाढवा. विकणं भागच असेल तर अर्धं मार्चमध्ये, अर्धं एप्रिलमध्ये. दोन वर्षांची सूट मिळते. एसआयपी कोणत्या तारखेला ठेवायची, यावर तासन्‌तास चर्चा होते. पगार झाल्यावर दोन-तीन दिवसांनी, बस्स.

निवृत्तीचा तो एक महिना

सर्वात धोक्याचा काळ हाच. ग्रॅच्युइटी, पीएफ, शिल्लक रजेचे पैसे, सगळं एकाच बचत खात्यात येऊन पडतं, आणि बँकेतून गोड आवाजाचा फोन येतो. "सर, मार्केट सध्या करेक्ट झालंय, चांगली एन्ट्री आहे." बाजार चढलेला असता तर "मोमेंटम आहे" म्हणाले असते.

पहिले दोन महिने कशावरही सही करू नका. पैसा आधीच ठरलेल्या खणांत टाका. एका वर्षाचा खर्च बचत खात्यात आणि लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांचा, पैसे पटकन काढता येणारा फंड). त्यापुढच्या वर्षांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना: माणशी कमाल ३० लाख, हे लिहिताना ८.२ टक्के, व्याज दर तिमाहीला. पूर्ण ३० लाख ठेवले तर तिमाहीला ६१,५०० रुपये, करपात्र. वय पंचावन्न ते साठच्या मध्ये असेल आणि निवृत्त झाला असाल तर लाभ हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं, ही मुदत चुकवू नका. तिथला पैसा पाच वर्षांसाठी अडकतो आणि आधी काढल्यास कपात होते, म्हणून अडीअडचणीचा पैसा तिथे ठेवू नका. मधल्या वर्षांसाठी वेगवेगळ्या मुदतीच्या एफडी.

एवढं करून जे उरेल आणि तुमच्या कागदानुसार इक्विटीत जायला हवं असेल, ते एकदम घालू नका. लिक्विड फंडातून एसटीपी (एका फंडातून दुसऱ्यात ठरावीक हप्त्यांनी आपोआप बदली) लावून बारा ते अठरा महिन्यांत सरकवा. गणिताने एकदम घालणं बऱ्याचदा फायद्याचं ठरतं हे मला माहीत आहे. पण निवृत्तीनंतर दोन महिन्यांत पंधरा टक्के गेलेले बघून सगळं काढून घेणारा माणूस मी पाहिलाय, तेव्हा मी हप्त्यांच्याच बाजूने.

एनपीएस साठाव्या वर्षी लगेच मोडायची सक्ती नाही. बाजार नेमका त्या वर्षी पडलेला असेल तर खातं पुढे चालू ठेवता येतं, आणि ऑक्टोबर २०२३ पासून एकरकमी मिळणारा भाग हप्त्याहप्त्याने काढायची सोयही आहे. किती एकरकमी आणि किती ॲन्युइटी (नियमित पेन्शन) याचे नियम बदलत आलेत. त्या महिन्यातला नियम पीएफआरडीएच्या (एनपीएसच्या नियामक संस्थेच्या) संकेतस्थळावर वाचूनच अर्ज भरा.

कपाटाच्या दाराचा कागद

ठरलेलं सगळं लिहून दोघांच्या सह्या करा आणि पीपीएफच्या पासबुकाशेजारी ठेवा. मजकूर एवढा पुरे:

"आमची इक्विटी एकूण रकमेच्या ४० टक्के. ३५ च्या खाली किंवा ४५ च्या वर गेली तरच हात लावायचा. बघायचं पाडव्याला आणि दसऱ्याला. निवृत्ती मे २०३१. २०२६ पासून दर पाडव्याला ४ लाख ८० हजार बाजूला. सेन्सेक्स शिखरापासून २० टक्के खाली असेल तर एक वर्ष थांबायचं, दोन नाही. यात बदल करायचा तर दोघांनी बसून, आणि सेन्सेक्स एका दिवसात तीन टक्क्यांहून जास्त हललेल्या आठवड्यात नाही."

शेवटची अट गमतीची वाटेल, पण तीच सर्वात कामाची आहे. नॉमिनी कोण, पासवर्ड कुठे लिहिलेत, हेही त्याच कागदाच्या मागे लिहा. अनेक घरांत हे सगळं एकाच माणसाला माहीत असतं.

हात शिवशिवत असतील तर

काही माणसांना बाजार बघितल्याशिवाय करमत नाही, आणि दलाल स्ट्रीटच्या गावात राहून ते अगदी साहजिक आहे. अशांनी एकूण रकमेच्या पाच टक्के वेगळ्या डिमॅट खात्यात काढावेत आणि तिथे हवं ते करावं. अट दोनच. तो पैसा संपला तर मुख्य पैशातून भर घालायची नाही. आणि प्रत्येक वेळी घेताना-विकताना वहीत तारीख, भाव आणि कारण लिहायचं, त्याच दिवशीचा सेन्सेक्स शेजारी. तीन वर्षांनी मुलाला किंवा सुनेला ती वही देऊन विचारा, याच तारखांना निफ्टी इंडेक्स फंडात टाकले असते तर किती झाले असते. एक्सेलमध्ये तासाभराचं काम आहे.